गोळ्यांचं विसर्जन

“तुम्हाला हे पटायचं नाय,” रामकिसननं माइक तोंडाजवळ घेतला, “अन् पटू बी नये. माझं मलाच अजून पटलेलं नाय.”

उस्मानपुऱ्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दीडशे माणसं बसली होती आणि दीडशेच्या दीडशे माणसांना ते ऐकायच्या आधीच पटलं होतं. ‘पटायचं नाय’ म्हटलं की माणूस खुर्चीत चार बोटं पुढं सरकतो, हे रामकिसनला गेल्या आठ महिन्यांत चांगलंच कळलं होतं. दर रविवारी अकराला तो इथं उभा राहायचा, हेच वाक्य बोलायचा आणि खुर्च्या करकरायच्या. आजही करकरल्या. फक्त आज पहिल्यांदाच तो ते मनापासून बोलला होता, आणि नेमकं तेवढंच कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पहिल्या रांगेत त्याची धाकटी बहीण बसली होती. वच्छलाबाई. लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीनं आली होती, तिच्या बचत गटाच्या अकरा बायका घेऊन. सगळ्यांच्या पायांत ठेवणीतल्या चपला, हिच्या पायांत मात्र मुलाच्या रबरी स्लिपर. तिच्या स्वतःच्या चपला आता पायांत जात नव्हत्या. घोटे असे सुजले होते की पैंजणांचा वळ उठला होता. मांडीवर तिनं एक पिवळी पिशवी धरली होती, प्रसादाची धरावी तशी दोन्ही हातांनी. त्या पिशवीत तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या. एकही पाकीट न फोडलेलं.

आणि व्यासपीठावर, रामकिसनच्या उजव्या हाताला, तांब्याचा कलश होता. हळदकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला. अनुभव सांगून झाला की ज्याला वाटेल त्यानं वर यायचं आणि आपल्या जुन्या गोळ्या कलशात सोडायच्या, असा त्या सभेचा रिवाज होता. त्याला गोळ्यांचं विसर्जन म्हणत. टाळ्या वाजत, गळ्यात हार पडे, फोटो निघे. आज रामकिसनच्या पाठोपाठ वच्छलाबाईचा नंबर होता, आणि तिच्या पाठोपाठ त्या अकरा जणींचा.

रामकिसनला बसावंसं वाटत होतं. पण माइक हातात असलेल्या माणसाला खुर्ची देत नाहीत.

आता हा माणूस इथवर आला कसा, ते सांगितलं पाहिजे. रामकिसननं बांधकाम खात्यात एकतीस वर्षं रोड रोलर चालवला. रोलर चालवणारा माणूस दिवसभरात जेवढा पुढं जातो तेवढाच मागं येतो. कुठं पोचायचं नसल्यामुळं त्याला गोष्टी सुचतात. लासूरच्या फाटकाजवळ आपण रोलरची अन् मनमाडच्या पॅसेंजरची शर्यत लावली आणि गाडी चहाला थांबली म्हणून आपण जिंकलो, ही गोष्ट त्यानं हर्सूलला वडाखाली शंभर वेळा सांगितली असेल. शंभर वेळा साहेबराव नावाचा त्याचा दोस्त मध्येच हात वर करायचा. “थांब. रूळ ओलांडायला फाटक बंद व्हतं, मग तू पलीकडं गेलास कसा?” मग रामकिसन फाटक उघडायला एक गेटमन आणायचा, गेटमनला एक बायको आणायचा, बायकोला बाळंतवेणा आणायचा. साहेबराव परत हात वर करायचा. थापा मारण्यातली सगळी गोडी त्या वर होणाऱ्या हातात होती. दोन वर्षांपूर्वी साहेबराव गेला. वडाखालच्या बाकीच्यांनी माना मोबाइलात घातल्या. रामकिसन सांगायचा, ती माणसं ‘हां, हां’ म्हणायची. अडवायचं कुणी नाही.

अशात त्याला हर्सूलच्या तलावावर शिवराज भेटला. सकाळी फिरायला येणारा तिशीचा पोरगा, चांगल्या शेतीवाल्या घरातला, अंगात कायम कोट. तो अळंबीच्या कॅप्सूल विकायचा. रेशी नावाची अळंबी, म्हणे चीन-जपानात दोन हजार वर्षांपासून खातात. साखर, दाब, गुडघे, झोप, कर्करोग, सगळ्याला एकच. शिवराज लबाड होता असं म्हणवत नाही. तो स्वतः दिवसाला आठ कॅप्सूल खायचा आणि आपल्या आईलाही द्यायचा. त्यानं रामकिसनला एक बाटली दिली. रामकिसननं दोन कॅप्सूल खाल्ल्या. ढेकर तुरट आले, पोट गुडगुडलं. उरलेल्या मनकर्णाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कढीपत्त्याच्या कुंडीत उघडून टाकल्या. कढीपत्ता मेला नाही आणि वाढलाही नाही. हर्सूलमध्ये त्या औषधाची चाचणी झाली ती एवढीच.

बाटली मात्र मनकर्णाबाईनं फेकली नाही. घट्ट झाकणाची बाटली फेकणं तिला आयुष्यात कधी जमलेलं नाही. तिच्यात ती नवऱ्याच्या साखरेच्या गोळ्या भरायला लागली. फिकट हिरव्या, मधोमध रेघ असलेल्या. डॉक्टरांनी अर्धी सांगितली होती, जेवणाआधी. दर सोमवारी ती सुरीनं आठवड्याच्या गोळ्या अर्ध्या करून ठेवायची.

त्यात रामकिसनची साखर उतरली. अर्ध्या गोळीनं उतरली, तलावाच्या फेऱ्यांनी उतरली, मनकर्णाबाईनं जिलेबीचा पुडा कपाटाच्या वर ठेवायला सुरुवात केली त्यानं उतरली. पण शिवराजनं रिपोर्ट बघितला आणि म्हणाला, “बाबा, हे सभेत सांगाल?”

सभा म्हटल्यावर रामकिसनचे कान उभे राहिले. किती माणसं? दीडशे. माइक? हो. मग तो गेला आणि त्यानं सांगितलं. उसाच्या चरकात हात घातल्यासारखं झालं; एकदा गेला तो आतच ओढला गेला. पहिल्या रविवारी सांगितलं की साखर उतरली. दुसऱ्या रविवारी गुडघे बरे झाले. चौथ्या रविवारी चष्मा गेला. चष्मा वरच्या खिशात होता, दिसत होता, तरी टाळ्या पडल्या. आनंदाचे दोन महिने गेले. मग त्याला थकवा यायला लागला. अंगाचा नाही, कानांचा. दीडशे माणसांत एकाचाही हात वर होत नव्हता.

भाऊबिजेला तो नेहमीसारखा लासूरला बहिणीकडं गेला. जेवायच्या आधी खिशातून ती बाटली काढली, गोळी घेतली. वच्छलाबाईनं विचारलं, “हेच का ते, दादा? तुझं अळंबीचं?” आणि रामकिसन, ज्याच्या तोंडाला खऱ्याचा रस्ताच ठाऊक नव्हता, म्हणाला, “व्हय, हेच.”

एवढंच. दोन शब्द. एकतीस वर्षांत रोलरखाली एक कोंबडीसुद्धा न आलेल्या माणसानं ते दोन शब्द बहिणीच्या चुलीपाशी टाकले आणि विसरून गेला.

गेल्या मंगळवारी तो तिळगूळ द्यायला लासूरला गेला, तर वच्छलाबाई ओट्याला धरून उभी. दम लागलेला. पाय असे.

“हे काय गं, वच्छे?”

“काय नाय. शरीर साफ होतंय. शिवराज सर म्हणले, आधी घाण बाहेर येती, मग आराम पडतो.”

“गोळ्या घ्यायलीस ना?”

“दिवाळीपासून बंद. तुझ्यासारखंच.”

रामकिसन पाटावर बसला. मग त्यानं तिला खरं सांगितलं. सगळं. बाटली, कढीपत्ता, अर्धी गोळी, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा पाच मिनिटं सलग खरं बोलला, आणि त्याला घाम फुटला. वच्छलाबाई पदर तोंडाला लावून हसली.

“दादा, घरातलं तुझं कधी खरं असतं का? लहानपणी म्हणायचास, तुला वेशीपाशी सापडली. पण माइकवर कुणी खोटं बोलतं व्हय? मागं एवढा मोठा बॅनर लावलेला असतो. अन् सर म्हणलेच व्हते, घरचेच आधी पाय ओढतात. आता रविवारी मी बी बोलणार हाय. पिशवी भरून ठेवलीय.”

तिथून तो जो निघाला तो थेट नातीकडं, अपेक्षाकडं. ती उस्मानपुऱ्यातच एका मेडिकलवर काउंटरला असते, फार्मसी शिकलेली. गिऱ्हाइकांची पाकिटं कापता कापता तिनं ऐकून घेतलं. चेहरा असा, की हे आज तिसऱ्यांदा ऐकतेय.

“आबा, शेवटचं विचारते. तुम्ही त्यांना गोळी बंद करा म्हणालात?”

“म्हणालो नाय. पण माझं बघून केली.”

“मग तेच झालं की.”

“पण त्यात काहीच नाय का गं? शिवराज कागद दाखवतो. उंदरांवर केलंय म्हणे.”

“उंदीर बरे झाले, आबा. तुम्ही उंदीर हायत का?” ती सुस्कारा टाकून म्हणाली. “काहीच नाय असं नाय. माणसांवर बी केलंय थोडंफार. साखरेवर बघितलं, ऐंशीएक माणसं, सोळा आठवडे. काहींना अळंबी, काहींना नुसतीच भुकटी. साखरेत काय फरक पडला नाय. कर्करोगात मूळ उपचाराच्या जोडीला थोडा उपयोग होत असंल म्हणतात, पण ते बी कच्चंच. उपचार सोडून हे खा, असं कुणीच म्हणत नाय. रक्त पातळ करायची गोळी चालू असंल तर वरून रक्तस्राव व्हायची भीती. खरं सांगायचं तर अजून नीट ठाऊक नाय, एवढंच ठाऊक हाय.”

“हे माइकवर सांगितलं तर?”

“‘ठाऊक नाय’ म्हणणाऱ्याला हार घालतात का, आबा?” मग पाकिटं बाजूला ठेवून ती म्हणाली, “आजी, म्हणजे लासूरच्या, त्यांना डॉक्टरांकडं न्या. उद्याच. पाय सुजले, दम लागतो, हे थांबण्यातलं नाय. कॅप्सूल खायच्या तर डॉक्टरांना सांगून खाऊ द्या. पण गोळ्या चालू झाल्या पाहिजेत.”

बुधवारी तो डॉक्टरांकडं न्यायला गेला, वच्छलाबाई आली नाही. गुरुवारी भाच्यानं समजावलं. शुक्रवारी मनकर्णाबाईनं फोन केला, तर म्हणाली, “वहिनी, तुम्ही बी? रविवारी विसर्जन झालं की मग जाते हवं तर डॉक्टरला दाखवायला,” आणि फोन ठेवला. शनिवारी रामकिसननं शिवराजला गाठलं. शिवराज खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “बाबा, थकलात. दोन कॅप्सूल वाढवा.”

सभेत उठून सरळ ‘मी खोटं बोललो’ म्हणावं, तर त्याचाही उपयोग नव्हता. मागच्या महिन्यात गोकुळ नावाच्या एका रिक्षावाल्यानं माइकवर सांगून बघितलं होतं की मला काही गुण आला नाही. शिवराज मायेनं म्हणाला, “शुद्धी चालू आहे, भाऊचा धीर सुटतोय, टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी.” टाळ्या पडल्या. गोकुळ टाळ्यांतच खाली उतरला. सांगणाऱ्याच्या तोंडून आलेलं खरं तिथं असं गिळलं जायचं. रात्रभर कूस बदलून पहाटे रामकिसनला एवढंच सुचलं: खोटं पकडावं ऐकणाऱ्यानं. तरच ते ऐकणाऱ्याचं होतं. साहेबरावासारखा एक हात वर यायला पाहिजे. म्हणजे थाप एवढी मोठी हाणायची, की आंधळ्यालाही दिसावी.

“तर मंडळी,” तो माइकमध्ये म्हणाला, “माझा दम असा वाढला, की मी देवगिरीचा किल्ला चढायला घेतला. न बसता. वर चढलो, खाली आलो, काय राहिलं म्हणून परत चढलो.”

टाळ्या. त्यानं वच्छलाबाईकडं बघितलं. तीही वाजवत होती, पिशवी मांडीवर सांभाळून.

“दुसऱ्यांदा चढताना अंधारीत, त्या भुयारात, वाघ बसलेला.”

एक कोपरा ‘अगं बाई’ म्हणाला. हात वर झाला नाही.

“वाघ म्हातारा. दात पडलेले, गुडघे गेलेले. मी खिशातनं बाटली काढली. दोन कॅप्सूल त्याच्या जिभेवर ठेवल्या. वाघ उठला अन् माझ्या पुढं पुढं चालत मला पार तोफेपर्यंत घेऊन गेला. आता किल्ल्यावरच असतो. भाजी-भाकरी खातो.”

रामकिसन थांबला. आता तरी. तिसऱ्या रांगेत एक हात वर झाला. चष्मेवाला माणूस, निवृत्त मास्तर असावा. रामकिसनच्या छातीत एकदम साहेबराव जिवंत झाला.

“बोला, बोला!”

“वाघाला दोनच पुरल्या का, बाबा? म्हणजे आमच्या म्हशीला किती द्याव्यात?”

हॉलभर लोकांनी वह्या काढल्या. शिवराज हसून म्हणाला, “वजनावर असतं, सर, नंतर भेटा,” आणि घड्याळाकडं बघत रामकिसनला आवरतं घ्यायची खूण केली. मग त्यानं वच्छलाबाईला खूण केली. ती पिशवी छातीशी धरून खुर्चीच्या हाताला रेटा देत उठायला लागली. एकदा उठली, दम लागून परत बसली. शेजारणीनं हात दिला.

रामकिसनला इतका थकवा कधीच आला नव्हता. मोठ्या थापा संपल्या होत्या. वाघ वाया गेला होता. दीडशे माणसांना वाघ पचतो, तर त्यांना काय पचणार नाही? त्यानं बहिणीच्या त्या रबरी स्लिपरांकडं बघितलं आणि त्याला कळलं की या दीडशे माणसांचं आपल्याला काही करायचंच नाही. अडवायचं आहे ते एकीनं. आणि ती वाघावर अडणार नाही. ती कशावर अडते, ते त्याला सत्तर वर्षांपासून ठाऊक होतं.

“एक राहिलं,” तो म्हणाला. शिवराजनं माइककडं हात केला तसा त्यानं माइक दुसऱ्या हातात घेतला. “हे सगळं कोणत्या दिवशी झालं, ते सांगायचं राहिलं. भाऊबिजेच्या दिवशी.”

वच्छलाबाई अर्धी उठलेली होती. तशीच थांबली.

“भाऊबिजेला सकाळी मी माझ्या साऱ्या गोळ्या हर्सूलच्या तळ्यात टाकल्या. अन् दिवसभर किल्ल्यावरच व्हतो. ओवाळून घ्यायला गेलो नाय. जायचं कुणाकडं? मला पाट मांडून बसणारं हाय कोण?”

“दादा,” वच्छलाबाई हळूच म्हणाली. माइक नसल्यामुळं ते फक्त पहिल्या रांगेला ऐकू आलं.

“बत्तीस वर्षं झाली,” रामकिसन तिच्याकडं न बघता बोलत राहिला, कारण बघितलं असतं तर पुढचं तोंडातून निघालं नसतं, “कुण्या बहिणीनं माझ्यासाठी दिवा लावलेला मला आठवत नाय. मी काय कुणाच्या घरचं पाणी प्यालो नाय, की—”

“खोटं!”

वच्छलाबाई आता पूर्ण उभी होती. दम लागला होता, पण आवाज लासूरच्या बाजारात भाव पाडून मागणाऱ्या बाईचा होता.

“खोटं बोलायलास, दादा! एवढ्या माणसांत! भाऊबिजेला तू माझ्या घरी व्हतास. माझ्या पाटावर. मी ओवाळलं, अनारसे वाढले, नको म्हणलास. म्हणलास, आधी हे घेऊ दे, पोटात अन्न जायच्या आधी घ्यायचं असतं. पाण्याचा तांब्या कुणी दिला? मी दिला! अन् वहिनीनं या खेपेला अर्ध्या करून दिल्या नाहीत म्हणून माझा अडकित्ता मागून घेतलास. माझा सुपारीचा अडकित्ता! त्यात धरून कापलीस अन् अर्धी परत बाटलीत टाकलीस. मी पुसून ठेवला तो अडकित्ता, अन् तू म्हणतोस—”

ती थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं. रामकिसन व्यासपीठावरच्या खांबाला टेकला आणि मान खाली घालून, कुणीतरी पाठीवरचं पोतं उतरवावं तसा त्यानं श्वास सोडला.

“सुपारीसारखी कापलीस,” वच्छलाबाई आता कुणाशीच बोलत नव्हती. “कट असा आवाज झाला व्हता.”

शिवराज पुढं आला. “ताई, भावना समजतात, आपण टाळ्या—”

“थांबा हो तुम्ही.” तिनं छातीशी धरलेली पिशवी खुर्चीवर उपडी केली. साखरेच्या गोळ्यांचं एक पाकीट उचललं, सभेत पहिल्यांदाच फोडलं, गोळी तळहातावर घेऊन डोळ्यांजवळ नेली आणि मग तो हात तसाच वर, व्यासपीठाकडं केला. दीडशे माणसांत त्या दिवशी अडवायला वर झालेला तेवढाच एक हात होता.

“कॅप्सूल अडकित्त्यानं कापतं का कुणी, दादा? ती हिरवी व्हती. मधी रेघ असलेली. ही असलीच!”